तीनदा झालेलं कौतुक

पुण्यात आपटेबाई हौशी मंडळींना दर रविवारी जपानी शिकवायच्या. वर्गातले सगळेच नवशिके. पण निवृत्त मुख्य अभियंता महाबळ साहेबांना हे मान्य नव्हतं. दुसऱ्याचं जपानी आपल्यापेक्षा किती कच्चं आहे हे जोखल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

एकदा क्योतोच्या हारुकोबाई वर्गाला भेट द्यायला आल्या. सगळ्यांशी जपानीत बोलून त्या गेल्या आणि वार्षिक समारंभात जपानीत भाषण कुणी करायचं, हा विषय निघाला.

"त्यात विचारायचं काय?" साहेब म्हणाले. "हारुकोबाईंनी माझ्या जपानीचं तीनदा कौतुक केलं. या दातांच्या डॉक्टरीणबाईंशी कितीतरी वेळ बोलल्या, पण कौतुकाचा एक शब्द नाही."

डॉक्टर मृणाल खांबेटे शांतपणे म्हणाली, "खरंय साहेब. लोणच्यात मीठ किती घालावं यावरून आमचा वाद चालला होता, त्यात कौतुक राहूनच गेलं. पण मला सांगा, तुमच्या मराठीचं पुण्यात शेवटचं कौतुक कुणी केलं?"

"माझ्या मराठीचं कोण कशाला कौतुक करेल?" साहेब फणकारले. "ती मला येतेच की."

आपण काय बोलून बसलो, हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत वर्गात खसखस पिकली होती.

आपटेबाईंनी भाषण मृणालकडे सोपवलं. मग साहेबांचा पडलेला चेहरा पाहून त्या मायेनं म्हणाल्या, "पण साहेब, तुमचं जपानी फार छान आहे हं."