शेवंतीने न ऐकलेला पाठ

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ती घडली तेव्हा धुक्यालासुद्धा स्वतःचं गाव होतं. चार डोंगरांच्या मधोमध एक खोरं होतं आणि त्या खोऱ्यात धुकं बारा महिने मुक्कामाला असायचं. सकाळी असायचं, भर दुपारीही असायचं. सूर्य दिवसभर दुधात पडलेल्या बत्ताशासारखा दिसायचा. झाडं हळूच समोर यायची आणि हळूच निघून जायची. तिथल्या माणसांना ओळखीचा चेहरा दिसायच्या आधी ओळखीचा आवाज ऐकू यायचा.

अशा मुलखात बैलगाडी हाकायची कशी? डोळ्यांचा उपयोग बैलाच्या शिंगांपर्यंतच. म्हणून तिथे प्रत्येक गाडीच्या जुवावर एक साळुंकी बसलेली असे. गाडीवानानं सकाळी तिला गावाचं नाव सांगायचं, की ती वाट सांगायला लागायची. “आता डावं वळण. आता चढ आहे. पुढं नाला आहे, पाणी घोट्याएवढं, निर्धास्त चला.” वाट सरळ असली की ती गाणं म्हणायची. पाऊस येणार असला की तेही सांगायची.

या साळुंक्या शिकायच्या कुठे? खोऱ्याच्या टोकाला एक टेकडी होती. तिथे एक पंडित राहात. खोऱ्यातल्या सगळ्या वाटा त्यांना तोंडपाठ होत्या. वाट बदलली, पूल खचला, की ते नवा पाठ तयार करत आणि टेकडीवरून पावा वाजवत. त्या पाव्याच्या सुरांतून पाठ खोरंभर पसरायचा. सूर ऐकू आला, की साळुंक्या जिथे असतील तिथे डोळे मिटून घ्यायच्या आणि दोन घटका एक शब्द बोलायच्या नाहीत. पाठ मुरला की डोळे उघडायच्या.

तेवढा वेळ सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबत. तशी रीतच होती. गाडीवान बैलांच्या मानेवरचं जू उतरवत आणि धुक्यात आपापली नावं पुकारत, म्हणजे कुणी कुणावर आदळायला नको. “ओऽ, मी खंडेराव, चिंचेच्या वळणाला!” “ओऽ, मी राधक्का, खालच्या पाणंदीत!” त्या दोन घटका खोऱ्यात फक्त पावा आणि माणसांची नावं तरंगत असायची. परका माणूस तिथे आला असता, तर त्याला वाटलं असतं आपण झोपेतच आहोत.

आता तुम्ही म्हणाल, किती छान सोय! सोय छानच होती. पण पंडितांना एक खोड होती. त्यांना नुसत्या वाटा शिकवून समाधान वाटत नसे. पाठ म्हटला, की त्यात काहीतरी नवं, काहीतरी झोकदार हवंच. त्यांनी स्वतः मात्र धुक्यात गाडी कधीच हाकली नव्हती. टेकडीवर ऊन असायचं.

मग व्हायचं काय, की प्रत्येक नव्या पाठानंतर साळुंक्यांना काहीतरी होऊन बसायचं. पाटलांची साळुंकी वाट सांगण्याआधी विचारायला लागली, “खरंच निघायचं आहे ना?” आणि ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढचं बोलेना. राधक्काची साळुंकी पहाटे कुणी न विचारता सगळ्या खोऱ्याचं हवामान ओरडून सांगायची. एका गाडीवानाला त्याची साळुंकी तीन आठवडे भलत्याच नावानं हाका मारत होती. शेवटी बिचारा त्या नावाला ‘ओ’ द्यायला लागला.

त्या खोऱ्यात हैबती नावाचा एक गाडीवान होता. त्याच्या साळुंकीचं नाव शेवंती. बायको गेल्यावर घरात बोलायला तीच होती. हैबतीच्या बायकोची एक ओवी शेवंती अगदी तिच्याच आवाजात म्हणायची. संध्याकाळी बैल सोडताना हैबती ती ऐकायचा आणि मगच चूल पेटवायचा.

चैत्रातला पाठ झाला आणि शेवंती ती ओवी विसरली. त्याऐवजी दर उताराला लग्नाचं गाणं म्हणायला लागली आणि प्रत्येक झाडाखाली सांगायला लागली, “बैल दमलेत, विसावा घ्या.” हैबतीनं तिला समजावलं, चुचकारलं, ओवीचा पहिला शब्द शंभरदा म्हणून दाखवला. ती मान वाकडी करून ऐकायची आणि लग्नाचं गाणं म्हणायची. हैबतीला फार वाईट वाटलं. बायको दुसऱ्यांदा गेली असंच त्याला वाटलं.

“पुन्हा पाठ आला तर बघ,” तो शेवंतीला म्हणाला, “मी तुला ऐकूच देणार नाही.”

आश्विन महिन्यात एके दिवशी सकाळीच वरच्या पायवाटेनं निरोप आला. हैबतीची लेक बायजा नदीपल्याडच्या गावी नांदत होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि ती पहिलटकरीण होती. मूल आडवं आहे, असं तिथल्या बायका म्हणत होत्या. असल्या बाळंतपणात हात घालणारी सुईण खोऱ्यात एकच, सगुणामाय. तिला दुपारपर्यंत पोचवायला हवं होतं. उशीर झाला तर काय होईल ते हैबतीला ठाऊक होतं.

त्यानं गाडी जुंपली, सगुणामायला बसवलं आणि शेवंतीला गावाचं नाव सांगितलं. “उजवं वळण,” शेवंती म्हणाली आणि गाडी धुक्यात शिरली.

अर्धी वाट झाली असेल नसेल, तोच टेकडीवरून पाव्याचा पहिला सूर आला.

आजूबाजूच्या गाड्या थांबल्या. “ओऽ, मी खंडेराव, बांधाशी!” कुणीतरी पुकारलं. हैबतीनंही कासरा ओढला. दोन घटका! तिकडे लेक तळमळत असताना इथे दोन घटका बसून राहायचं, आणि तेही कुठलंसं नवं लग्नाचं गाणं शिकायला? त्यानं चाकांच्या वंगणासाठी ठेवलेल्या मेणाचे दोन गोळे केले आणि शेवंतीचे डोळे मिटायच्या आत तिचे दोन्ही कान बंद करून टाकले.

“आरं, काय करतोस ह्ये?” सगुणामाय म्हणाली. “दोन घटकांनी काय व्हतंय? पाठात काय असंल, कुणाला ठावं?”

“मला ठावं हाय माय. गाणी असत्यात.” हैबती म्हणाला. “हिला जुनी वाट पाठ हाय. वीस वर्सं त्याच वाटनं जातोय मी.”

“रीत मोडतोयस बाबा.”

“लेक माझी हाय, माय. बसा घट्ट.”

आणि पावा वाजत असताना, सगळं खोरं थांबलेलं असताना, एकटी हैबतीची गाडी चालत राहिली. घुंगरं वाजली तशी धुक्यातून विचारणा झाली, “कोण चाललंय?” हैबतीनं नाव सांगितलं नाही. आवाज मागे राहिले. शेवंती वाट सांगत होती, एकही वळण चुकत नव्हती. हैबतीला वाटलं, बघा, आपण किती शहाणपणा केला.

नदी आली, गाड्या पाण्यातून पलीकडे जात तो उतार आला. पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि पाणी तरी कुठे दिसत होतं? नुसतं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्याच्या खाली काहीतरी वाहात होतं.

“उतार आला,” शेवंती म्हणाली. “पाणी गुडघ्याएवढं, निर्धास्त चला.”

बैल थांबले. ढवळ्यानं मान झटकली. हैबतीनं त्याच्या पाठीवर थाप मारली, “चल रं, तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतंय.” बैल पाण्यात शिरले. पाणी गुडघ्याला लागलं, मग पोटाला लागलं, आणि मग चाकांखाली तळच उरला नाही. भाद्रपदातल्या पुरात नदीनं आपला उतार सोडून दिला होता, आणि पुरानंतर अजून कुणाची गाडी पलीकडे गेली नव्हती. जिथे वाळू होती तिथे आता डोह होता.

“पाणी गुडघ्याएवढं,” शेवंती म्हणाली. पाणी जुवाला टेकलं होतं.

“सोड बैल!” सगुणामाय ओरडली. म्हातारी खोऱ्यातली होती, घाबरली नाही. एका बैलाच्या गळ्यातला पट्टा तिनं सोडला, दुसऱ्याचा हैबतीनं. दोघांनी शेपट्या धरल्या. बैल पोहायला लागले आणि रिकामी गाडी जुवासकट प्रवाहाला लागली.

त्या घाईत हैबतीला शेवंती आठवली, पण उशिरा. ती जुवावरच बसलेली होती. ‘उड’ म्हटल्याशिवाय साळुंकी जू सोडत नाही. तेच तर तिला सगळ्यांत आधी शिकवलेलं असतं.

“उड!” हैबती ओरडला. “शेवंते, उड!”

तिनं ऐकलं नाही. कानांत मेण होतं.

“उड गं माझ्या बाये!” त्याचा आवाज फाटला. धुक्यातून तिचा आवाज लांब लांब जाताना त्याला ऐकू येत राहिला. “निर्धास्त चला,” ती म्हणत होती. मग आवाज थांबला.

काठाला लागल्यावर हैबती चिखलात बसून राहिला. सगुणामायनं त्याला दंडाला धरून उठवलं. “रडायला जल्म पडलाय. आधी लेकीकडं चल,” ती म्हणाली. ओल्या लुगड्यानं ती त्याच्या पुढे चालत सुटली. साळुंकीच्या गाडीनं अर्ध्या घटकेत झाली असती ती वाट पायी, धुक्यात चाचपडत, तीन घटकांत झाली. दुपार टळून गेली होती.

बायजा वाचली. मूल जिवंत होतं, पण फार वेळ अडकल्यानं त्याचा डावा हात लुळा पडला होता. “थोडं आधी आले असते तर…” सगुणामाय बोलता बोलता थांबली. मागून आलेल्या गाड्या, पाठ पुरा ऐकून, वरच्या नव्या उतारानं कोरड्या चाकांनी केव्हाच गावात पोचल्या होत्या. त्यांतला खंडेराव हैबतीसमोर आला आणि त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकून गेला.

सव्वा महिन्यानं हैबती टेकडी चढून गेला. वर ऊन होतं. पंडित पावा पुसत बसले होते.

“पंडितजी, त्या दिवशीच्या पाठात काय होतं?” त्यानं विचारलं.

“मोठा सुंदर पाठ होता तो,” पंडित म्हणाले. “सात नवी गाणी, दोन नव्या तऱ्हेचे नमस्कार, आणि हो, शेवटी नदीचा नवा उतार.”

“नदी सरकल्याचं आपल्याला कधी कळलं?”

“एक धनगर सांगून गेला होता. वीस एक दिवस झाले असतील तेव्हा.”

“मग वीस दिवस थांबलात कशाला?”

पंडित म्हणाले, “गाणी पुरी व्हायची होती.” आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

हैबती रागावला नाही. रागवायला तो आला होता, पण रागवायची त्याला लाज वाटली. “मी तिचे कान बंद केले, पंडितजी,” तो म्हणाला. “तुमच्या गाण्यांना कंटाळून केले. ओवी गेली म्हणून केले. टेकडी चढून तुम्हाला एका शब्दानं विचारलं असतं, तर तुम्ही ती परत शिकवलीही असती. मी आलो नाही. घरात बसून कुढत राहिलो.”

“जाताना ती काय म्हणत होती?” पंडितांनी विचारलं.

“पाणी गुडघ्याएवढं, निर्धास्त चला.”

पंडितांनी मान खाली घातली. “ते मीच शिकवलं होतं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंडित टेकडी उतरले. आयुष्यात पहिल्यांदा ते धुक्यात गाडीवर बसले आणि वर्षभर बसले. कधी हैबतीच्या शेजारी, कधी राधक्काच्या. झाडाखाली साळुंकी नको तेव्हा बोलली की कसं वाटतं, ते त्यांना कळलं. वळणावर ती गप्प राहिली की गाडी कशी जागीच अडते, तेही कळलं.

तेव्हापासून वाट बदलली, की त्याच दिवशी पावा वाजायला लागला. पाठ एका श्वासाचा असायचा आणि त्यात वाटेशिवाय काही नसायचं. गाणी सणासुदीला वेगळी वाजत. ज्याला हवी त्यानं आपली साळुंकी ओसरीवर आणावी, नको त्यानं आणू नये. आणि पाठानंतर साळुंकीचं काही बिनसलं, तर गाडीवान कुढत न बसता टेकडी चढून सांगायला जाऊ लागले. टेकडीवर जायला चांगली पायवाट पडली.

हैबतीनं पुन्हा साळुंकी पाळली नाही. तो नातवाला घेऊन दुसऱ्यांच्या गाडीतून जायचा. नातू एका हातानं कासरा धरायला शिकला, चांगला गाडीवान झाला. पण थंडीच्या दिवसांत तो डावा हात उजव्या हातानं चोळायला लागला, की हैबती तोंड फिरवून धुक्याकडे बघायचा.

मुलांनो आणि मोठ्यांनो, गोष्टीचं सांगणं एवढंच: शिकवणाऱ्यानं गरजेचं सगळ्यांत आधी सांगावं, आणि शिकणाऱ्याला पाठ आवडला नाही तर त्यानं तोंड उघडून बोलावं, कान बंद करू नयेत.