नळीची चीर

गाड्यांचे भाग आपसांत बोलत त्या काळी, एका जीपच्या रेडिएटरच्या रबरी नळीला टोकाशी चीर पडली. पाणी झिरपू लागलं.

“उघड गळ, म्हणजे मालकाला दिसेल,” पंखा म्हणाला.

“दिसलं तर मला भंगारात टाकतील,” म्हणत नळीने चीर क्लिपखाली दडवली.

पुढे, कळा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात नेताना, इंजिन तापून भर घाटात बंद पडलं. मालक दाजीबाने ते निवू दिलं, मग नळी चाचपली. क्लिप सैल केली तशी चीर सापडली.

दाजीबाने चिरलेलं टोक तेवढं कापलं, नळी पुन्हा बसवून क्लिप आवळली आणि पाणी भरलं.

“एवढंच होतं?” नळीने विचारलं.

“एवढंच,” इंजिन म्हणालं. “पण ती बाई इतका वेळ उन्हात कळा सोसत होती.”