कुसरवाडीची तीन रेघांची शिळा

विषय : कुसरवाडीच्या खिंडीतील तीन रेघांची शिळा रस्त्याच्या रुंदीकरणातून वगळणेबाबत.
संदर्भ : गावकऱ्यांचा अर्ज, आणि त्याच्या पुष्कळ आधीची भिवरा.

वरील विषयी निवेदन असे की, पठारावर येणारे पाहुणे खिंडीत थांबतात, काळ्या शिळेवरच्या वीतवीत अंतराच्या तीन रेघा पाहतात आणि हे काय म्हणून विचारतात. त्यांना आम्ही सांगतो ते असे.

पूर्वी पठारावर गहू मुठीने उधळून फोकत, तोही दाट. विरळ शेत दिसले तर माळाईदेवीला गाव कंजूष वाटेल, अशी समजूत होती म्हणे. देवी प्रसन्न असे. गहू मात्र एकमेकांच्या अंगावर रेलून वाळे आणि ओंबीत चार दाणे भरत.

भिवरा नावाच्या विधवेच्या कणगीला घुशी लागल्या. बियाणे उरले अर्धी पायली. पडीक राहिलेले शेत भाऊबंदांकडे जाण्याची तेव्हा रीत होती. दीर रंगू लगेच येऊन म्हणाला, "वयनी, एवढ्यात वावराचा कोपराबी भरायचा न्हाई. वावर माझंच समज."

"पेरून झालं की बघायला ये," भिवरा म्हणाली.

वावर राहिले तर तुझ्या वाटेवर खूण करीन, असा नवस तिने माळाईला केला. मग वीतभर अंतराने काठीने रेघा ओढल्या, दोन बोटे खोल एकेक दाणा टोकला आणि बी साऱ्या वावराला पुरवले. मधल्या मोकळ्या जागेत बसून दोनदा खुरपले. "भिवरीनं गव्हाचा भांग पाडलाय," म्हणून गाव हसले. फाल्गुनात एकेका रोपाला आठ-आठ फुटवे होते. रंगू बांधापर्यंत आला, फुटवे मोजले आणि परत गेला.

पुढच्या वर्षी गावाने तिचे अनुकरण केले. म्हणजे पेरणीला तिच्यासारखा उपवास धरला, अनवाणी चालले आणि गहू पूर्वीसारखाच मुठीने फोकला. दोघातिघांनी बियाणे मुद्दाम घुशींपुढे ठेवले, असेही सांगतात.

"माझं कुणी ऐकायचं न्हाई," भिवरा म्हणाली, "देवीनंच सांगायला पायजे." तिने माळाईच्या वाटेवरच्या या शिळेवर छिन्नीने तीन रेघा कोरल्या आणि हा माळाईचा हुकूम आहे, असे गावाला कळवले. नवस फिटला. सगळ्यांत आधी ज्वारी पेरायची तिफण घेऊन फणांचे माप रेघांशी जुळवायला आला तो रंगू.

आजही पेरणीआधी घरोघरची तिफण या शिळेवर टेकवतात. तीन फण तीन रेघांत बसले तर वावरात, नाहीतर सुताराकडे. पहिला मान रंगूच्या वंशजांचा.

रेघा कोणाच्या हुकमाने मारल्या, अशी कार्यालयाने अर्जावर विचारणा केली. माळाईच्या, असे गावाने कळवले. हुकमाची प्रत जोडावी, असे उत्तर आले. गावाने गेल्या हंगामातल्या ओंब्यांची जुडी जोडली. तिची पोच मिळाली आहे.

यंदाची पेरणी झाली असून गहू फुटव्यावर आहे. अर्ज प्रलंबित आहे.