पाण्याची चौदा नावं

फार पूर्वीची म्हणावी, तर तितकी जुनीही नाही अशी ही गोष्ट. भर समुद्रात एक चिमुकलं बेट होतं. बेटाभोवती खडकांचं कडं, आणि आत यायला त्यातून एकच वाकडीतिकडी वाट.

धुकं पडलं की ती वाट दिसेनाशी होई. मग होडीतला माणूस ओरडून सांगे, होडीखालचं पाणी कसं आहे ते. बेटाच्या भाषेत खडकांमधल्या पाण्याला चौदा नावं होती. घुसळणारं पाणी वेगळं, मागे ओढणारं वेगळं. नाव कानावर पडलं की किनाऱ्यावरची एक म्हातारी होडी कुठे आहे ते ओळखी आणि कुठे वळायचं ते सांगे. अशी कित्येक माणसं तिने सुखरूप घरी आणली होती.

म्हातारीला एकुलती एक लेक. जहाजांवरच्या लोकांची भाषा आली की पोरीचं नशीब उघडेल, असं म्हातारीच्या मनाने घेतलं. लेकीच्या तोंडून बेटाचा एक शब्द निघाला तरी ती तिचा कान पिरगाळी, आणि स्वतःही तिच्याशी मोडक्यातोडक्या जहाजी भाषेतच बोले. लेक जहाजी भाषा फाडफाड बोलू लागली, तेव्हा म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं.

शेजारीण म्हणाली, "अगं, निदान पाण्याची नावं तरी शिकव पोरीला."

"तिला काय जन्मभर होड्या हाकायच्यात?" म्हातारी फणकारली.

लेक परमुलखात गेली, मोठ्या हुद्द्यावर चढली, बेटाची कानावर पडलेली भाषाही पार विसरली. सात वर्षांनी आईच्या ओढीने परत निघाली. शेवटचा टप्पा एकटीच होडी वल्हवत आली, आणि नेमकं खडकांपाशी तिला धुक्याने गाठलं.

"आई!"

हाक ऐकून म्हातारी धावतच किनाऱ्यावर गेली. "बाळा, पाणी कसं आहे?"

"पाणी हलतंय गं! आणखी काय सांगू?"

म्हातारीने चौदाही नावं एकामागून एक ओरडून सांगितली. "यातलं कुठलं?"

"मला नाही कळत, आई! तू बोलत राहा. मी तुझ्या आवाजाकडे येते."

समोर तर सगळे खडकच होते. "नको! सरळ येऊ नकोस!" म्हातारी जिवाच्या आकांताने किंचाळली. पण घाबरल्यामुळे तिच्या तोंडून ते बेटाच्या भाषेत निघालं. लेकीला नुसता आईचा आवाज ऐकू आला. तिने जोरात वल्हं मारलं.

लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग काहीच ऐकू आलं नाही.

अजूनही धुकं पडलं की म्हातारी किनाऱ्यावर उभी राहते आणि चौदा नावं पुकारते. जुनी माणसं गेली, नव्या पोरांना जहाजी भाषाच येते; ती नावं समजणारं बेटावर आता कोणी उरलेलं नाही.

तात्पर्य: लेकराच्या भल्यासाठी म्हणून त्याला आपल्या भाषेपासून तोडलं, तर संकटात आपला आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो, आपण पोहोचत नाही.