घाटातला गूळ

“वस्ताद, आता आणखी काय सोडू?”

धैर्यशील विचारत होता. दस्तगीर वस्तादांनी तरुणपणी सायकलच्या शर्यती गाजवल्या होत्या, आता ते पोरांना शिकवत. अंगणात चाक टांगून ते त्याच्या तारा आवळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग धैर्यशीलनं सगळं सांगितलं. भात सोडला. भाकरी सोडली. साखर तर कधीचीच सोडली, फळंसुद्धा बंद. अंडी, मटण आणि तूप यांवर भागवतो. अंगातली चरबी जाळून पाय चालतात, सपाटीवर उपाशीपोटी दिवसभर सायकल मारतो. सांगताना त्याची छाती फुगली होती, आणि का फुगू नये? एवढा निग्रह वस्तादांच्या पोरांत दुसऱ्या कुणाला जमला नव्हता.

पण घाट लागला आणि पुढच्यांनी वेग वाढवला, की पाय दगा देत. आज सरावातही तेच झालं. मागून आलेली पोरं त्याच्या डोळ्यांदेखत वळणाआड गेली.

रविवारी राज्याच्या संघाची निवड होती, तीही घाटातच. वयाची अट अशी, की यंदा नाही तर पुन्हा कधीच नाही. त्याला रडावंसं वाटत होतं, पण वस्तादांसमोर रडायची सोय नव्हती.

वस्तादांनी चाक थांबवलं.

“जर्सीच्या पाठीवरच्या खिशात काय हाय?”

“गूळ.”

“सोडलास नव्हं?”

“खायला नाही. असावा अडीअडचणीला.”

वस्तादांनी हात पुढं केला. धैर्यशीलनं खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. घामानं भिजलेला कागद गुळाला चिकटला होता.

“आज घाटात हात गेला हुता खिशाकडं?”

“गेला होता.”

“मग?”

“परत आणला.” आवाजात पुन्हा ऐट आली. “मन मारलं, वस्ताद.”

“आणि पोरं?”

“ती… पुढं गेली.”

वस्तादांनी सावकाश कागद सोलला, गूळ तोंडात टाकला आणि चवीनं खाल्ला. धैर्यशील बघत राहिला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

“मग रविवारी खाऊ, का नको?”

वस्तादांनी बोटं लुंगीला पुसली. चाकाला एक गिरकी दिली.

“गुळाला तू हरवलंस, पोरा. पर रविवारी त्यो शर्यतीत न्हाई.”