चुन्याचा धोंडा

परत सांगायचं? मागच्या गाडीतल्या लोकांना सांगितलं, तर निम्मे मोबाइलात आणि निम्मे वडापावात. तुम्ही तरी खाली बसा.

समोर डोंगराच्या सोंडेवर पांढरा धोंडा दिसतोय, त्याला हात जोडू नका. तो देव नाही. शेंदूर नाही, नारळ नाही, नुसता चुना.

असं सांगतात, की मोठ्या लढाईच्या काळात आमच्या शिंगटवाडीचा हैबती बॉम्ब टाकायच्या विमानावर गेला. मागं तोंड करून मशिनगन धरून बसायचं, हे त्याचं काम. मिसरूड नुकती फुटलेली. आई बयजा विधवा, एवढं एकच पोर. रजेवर आला तेव्हा भाकरी खाताखाता म्हणाला म्हणे, "आये, वरनं समदे डोंगर सारखेच दिसत्यात. आपलं गाव कंचं, कळतच न्हाई."

"मग रं?"

"कायतरी खूण कर. मी बघीन. न्हाईतरी मागंच तोंड असतंया माझं."

तो गेल्यावर बयजेनं डोक्यावर चुना वाहून धोंडा पांढरा केला. विमानाचा आवाज आला, की खुरपं टाकून ती तिकडं पळायची. लोक हसायचे.

"हसा," ती म्हणायची. "त्याला दिसतंय न्हवं, बास."

पुढं वरून हुकूम आला. शत्रूच्या विमानाला खूण होईल असं काही ठेवायचं नाही. मुरारराव पाटील माणूस वाईट नव्हता, पण हुकमाचा ताबेदार. त्यानं माणसं नेऊन धोंड्याला तेल-काजळी फासली. बयजा आडवी पडली.

"पोर वाट चुकंल माझं, पाटील."

"पोर तिकडं ब्रह्मदेशात. त्याला हितला धोंडा दिसतोय व्हय?"

सुगीत तार आली. विमान पडलं होतं. हैबतीचं हाडूकसुद्धा घरी आलं नाही. बयजा रडली नाही. पाटलाच्या ओसरीपुढं उभी राहून एवढंच म्हणाली, "त्यानं बघितलं आसंल. काळं दिसलं."

तेव्हापासून पाटलाला घास गोड लागेना, असं म्हणतात. हुकूम मोडला तर पाटीलकी जायची, बेड्या पडायच्या. तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, गावादेखत तो चुन्याचं घमेलं डोक्यावर घेऊन निघाला. पाटलाच्या डोक्यावर ओझं गावानं कधी बघितलं नव्हतं. गुडघे टेकून त्यानं काजळी खरवडली, चुना दिला. 'चुकलो' म्हणाला नाही. त्या घराण्याच्या तोंडात तो शब्दच नाही. बयजा लांबून बघत होती. मग जवळ आली आणि पदरानं त्याच्या पापणीवरचा चुना पुसला.

"डोळ्यात जाईल, दादा."

पाटीलकी राहिली की गेली, ते कुणी सांगत नाही. मलाही ठाऊक नाही.

पावसात चुना धुऊन जातो. चमत्कार असता तर टिकला असता. म्हणून आजही दसऱ्याच्या आदल्या दिवशी चुना देतात. पहिला हात पाटलाच्या घरचा, मग ज्यांची पोरं लांब आहेत त्या आयांचा.

गेल्या साली पाटलाच्या नातवानं, आमच्या सरपंचानं, त्यावर ऑइलपेंटनं स्वतःचं नाव घातलं. मी बोललो, तर भर चावडीत म्हणाला, "म्हाताऱ्याच्या थापा." नाव मी खरवडलं. पहिला हात त्याच्या आईनं दिला. तो फिरकला नाही. माझी माफी त्यानं तोंडानं मागू नये, आज्यानं मागितली तशी मागावी. घमेलं माझ्या ओट्यावर ठेवलंय. जाताना त्याच्या दारावरनंच जाल, एवढं सांगा त्याला. पाटीवर नाव आहे: प्रल्हाद पाटील.