नदी सरळ करण्याचा हुकूम

शिरवंती नदी वाकडी वाहते, ही गोष्ट उंबरगडच्या महाराज धैर्यसेनांना वयाच्या पन्नासाव्या वर्षी कळली आणि त्यांचं डोकंच फिरलं!

कळवली अर्थातच दिवाण गुंडोपंतांनी. वाड्यात लोडाला टेकून त्यांनी अख्ख्या नदीचा नकाशा काढला होता. "महाराज, डोंगरावरच्या झऱ्यापासून आपल्या घाटापर्यंत सरळ अंतर तीन कोस. आणि ही बाई येते सहा कोस चालून! वाटेत सात वळणं!"

"म्हणजे तीन कोस नुसती भटकते? माझ्या राज्यात? मला न विचारता?"

महाराजांनी नकाशावर झऱ्यापासून घाटापर्यंत एक रेघ ओढली. "होळीच्या आत नदी या रेघेवरून वाहिली पाहिजे!"

रेघ फार सुंदर होती. फक्त ती दोन टेकड्यांच्या पोटातून आणि वळणवाडी गावाच्या बरोबर मधून जात होती. टेकड्या वळणवाडीकरांनीच फोडायच्या आणि काम संपलं की घरं सोडून चालू लागायचं, अशी सोयही पंतांनी करून ठेवली होती.

दारात पालखीजवळ दौला भोई उभा होता. वळणवाडी त्याचं गाव. म्हातारी आई, दोन पोरी, नदीकाठचं घर, सगळं त्या रेघेखाली आलं होतं. तरी तो मोठ्यानं हसला.

"कोण हसलं रे?"

"मी, सरकार. आनंदानं! इतकी वर्षं हे कुणाला सुचलंच कसं नाही! फक्त एक अडचण आहे. नदी पडली अडाणी, तिला रेघ वाचता येत नाही. आपणच एकदा पालखीतून त्या रेघेनं खाली यावं. पालखी जिथून येईल तिथून आम्ही खणतो. नाही खणलं तर माझी मान हजर आहे!"

महाराज खूश झाले. "उद्याच निघू! पंत, तुम्ही सोबत चाला. पावलं मोजा, वळणं लिहा."

पंतांचा चेहरा पडला. नकाशात चढउतार दाखवायचे राहूनच गेले होते.

सकाळी सगळे झऱ्यापाशी पोचले. दगडाच्या खोबणीतून ओंजळभर पाणी झिरपत होतं.

"हीच का ती उनाड नदी?"

"लहान आहे अजून, सरकार. बारा ओढे येऊन मिळाले की अंगानं भरते."

पालखी निघाली आणि शंभर पावलांवर थांबली. पुढे कडा!

"थांबलास का?"

"रेघ इथून सरळ खाली जाते, सरकार. तीनशे हात. मारू उडी?"

"वेड लागलंय का? बाजूच्या घळीतून घे!"

"पंत, लिहा! महाराज डावीकडे वळले!"

घळीखाली काळा कातळ आडवा आला. "यातून सरळ जायचं, सरकार? आपटायला आमची आठ कपाळं आहेत, आपलं एक."

"वळसा घाल!"

"पंत, लिहा! महाराज उजवीकडे वळले!"

मग करवंदीची जाळी आली, मग दलदल. पंतांचा एक जोडा दलदलीत राहिला, पण त्यांनी वळण इमानदारीनं लिहिलं. पुढे टेकडी आली. भोई मुकाट्यानं सरळ चढू लागले. पालखी तिरकी झाली, महाराज मागच्या दांडीवर आदळले आणि पागोटं गडगडत खाली गेलं.

"अरे थांबा! जिकडे उतार असेल, वाट मोकळी असेल, तिकडून न्या! मला काही विचारू नका!"

"जशी आज्ञा!"

भोई उताराउतारानं निघाले, आणि पाहावं तर नदी शेजारीच! ती टेकडीला वळसा घाली, पालखीही घाली. वळणवाडीला नदीनं भलंमोठं वळण घेतलं, पालखीनंही निमूट घेतलं. काठावर दौलाची आई उभी होती. तिच्याकडे मान वर करून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

दिवस मावळता पालखी घाटावर टेकली.

"पंत, किती कोस झाले?"

"सात, महाराज."

"आणि वळणं?"

पंतांना अचानक खोकला आला. "अ... अकरा."

दौलानं घाम पुसून मुजरा केला. "सरकार, नदी सहा कोसांत सात वळणं घेऊन आली. आपण सात कोसांत अकरा, आणि तेही आठ भोयांच्या खांद्यावरून! आता दोघांपैकी आधी कुणाला सरळ करायचं, तेवढा हुकूम द्या!"

दौलाचा हात नकळत मानेकडे गेला.

आणि महाराज हसले! पोट धरून हसले, इतके की रिकामी व्हायच्या बेतात असलेली पालखी पुन्हा हलू लागली. त्यांनी नकाशा घेतला, फाडला आणि नदीत सोडला.

"दौला, वळणवाडीच्या वळणाच्या कुशीत जेवढी जमीन आहे, तेवढी आजपासून तुझी इनाम! आणि पंत, ती मोजायला उद्या तुम्हीच जा. चालत! आणि हो, वाटेत कुठेही सरळ जायचं नाही!"